खोटी तहान

तहानलेलं गवत आवाज करतं, हे चंद्रपुरात आता कुणाला सांगावं लागत नव्हतं. गवताच्या पात्यात पाणी चढतं ते केसाहून बारीक नळ्यांमधून. वरून वाफ होऊन पाणी उडून जातं, खालचं वर ओढलं जातं; ताणलेला धागाच तो. माती कोरडी पडली की ताण वाढत जातो, शेवटी धागा तुटतो आणि नळीत हवेचा बुडबुडा तयार होतो. त्या तुटण्याचा ‘टक्’ असा आवाज होतो. माणसाच्या कानाला तो ऐकू येत नाही, इतका तो वरच्या पट्टीतला असतो. यंत्राला मात्र येतो.

मृगधारा कॉलनीतल्या प्रत्येक फवाऱ्याच्या मुंडीत असं एक रुपयाच्या नाण्याएवढं यंत्र बसवलेलं होतं. कंपनीने त्याला भारदस्त नाव दिलं होतं, पण लोक नुसतं ‘कान’ म्हणत. दिवसभर हे कान आपापल्या हिरवळीचं ऐकत. टाकीखालच्या पेटीत सगळ्यांची बेरीज होई, आणि जिथे तहान जास्त तिथे दुसऱ्या पहाटे जास्त पाणी सोडलं जाई. माणसाने काहीच ठरवायचं नाही. त्यामुळे भांडणंही नाहीत, असं कंपनीचं म्हणणं होतं.

हिरवळ ही तिथे हौस राहिली नव्हती. वैशाखात दुपारी सायरन वाजला की संध्याकाळपर्यंत बाहेर पडायला बंदी असे आणि त्याच वेळात एसीची वीज तोडलेली असे. पंखे आणि दिवे तेवढे छतावरच्या सौर पत्र्यांवर चालत. घराभोवती ओलं गवत असलं तर भिंतीलगतची हवा तीन-चार अंशांनी उतरते. माठातलं पाणी गार होतं त्यातलाच प्रकार: वाफ होताना उष्णता खर्ची पडते. शहराचं वापरलेलं पाणी शुद्ध करून कॉलनीला मिळे, तेही मोजून. एकाच्या अंगणात जास्त पडलं की दुसऱ्याच्या अंगणात तितकं कमी.

या फवाऱ्यांची देखभाल नयना कोंडावार करत असे. पुण्यातली नोकरी सोडून ती वडिलांकडे राहायला आली आणि कॉलनीचं वर्षाचं काम तिने घेतलं, त्याला आता तीन वर्षं होत आली होती. फाल्गुनात तिची पहिली फेरी. गाळणीची जाळी धुवायची, कललेल्या मुंड्या सरळ करायच्या, भोवती वाढलेलं गवत छाटायचं, फवारा भिंतीवर उडत असेल तर त्याचा कोन वळवायचा. मग हिरवळीवर ठिकठिकाणी स्टीलच्या वाट्या ठेवून पाणी सोडायचं आणि सगळ्या वाट्यांत सारखं साचतं का ते पाहायचं. कंटाळवाणं काम होतं. तिला ते आवडायचं.

तिचे वडील मनोहर कोंडावार आयुष्यभर वीजकेंद्रात पाण्याचे क्षार तपासत होते. इथल्या जड पाण्याने नोझलच्या भोकांवर पांढरा थर बसतो, ही गोष्ट त्यांना स्वस्थ बसू देत नसे. दर रविवारी ते आपले नोझल काढून व्हिनेगरच्या बादलीत भिजवत, जुन्या टूथब्रशने घासत, व्हॉल्व्ह उघडून त्यातला रबरी पडदाही पुसत. कॉलनीत इतकी स्वच्छ यंत्रणा दुसऱ्या कुणाची नव्हती. आणि तरी चैत्र सरता सरता त्यांचंच गवत पिवळं पडू लागलं.

शेजारचं भास्कर रायपुरेंचं अंगण मात्र पोपटी होतं.

रायपुरे कोळशाच्या खाणीत सर्व्हेयर होते. दोघांची मैत्री नोकरीतल्या पहिल्या वर्षांपासूनची. प्लॉट शेजारी शेजारी घ्यायचे हेसुद्धा त्यांनी ठरवून केलेलं. अलीकडे मात्र रायपुरे घराबाहेर फारसे दिसत नसत. त्यांच्या पत्नी विमलकाकूंना मज्जातंतूंचा आजार होता. उष्णता वाढली की त्यांचे पाय उचलत नसत, जीभ जड होई. गारवा मिळाला की पुन्हा थोडं बरं. त्यांचं न्हाणं-माखणं, जेवण, औषधं सगळं रायपुरेच करत. नयना फेरीला गेली की ते फाटकातूनच म्हणत, “राहू दे गं. चाललंय ना नीट. पुढच्या वेळी बघ.” ही पुढची वेळ तीन वर्षं आली नव्हती.

एकदा जेवताना मनोहररावांनी विषय काढला.

“भास्करने कानाजवळ काहीतरी ठेवलंय.”

“काय ठेवलंय?”

“त्या बातम्या येतात ना, गवताचा आवाज काढणारी डबी मिळते म्हणून. लावली की पेटीला वाटतं, इथलं गवत तहानेनं मरतंय.” त्यांनी कालवलेला घास ताटातच ठेवला. “म्हणून तर तुला आत येऊ देत नाही.”

“काका असं करणार नाहीत, बाबा. एकदा विचारा तरी त्यांना.”

“काय विचारू? तू चोर आहेस का, असं विचारू?”

नयनाला वाटलं विषय तिथेच संपला. पण त्यांनी विचारलं नाही आणि गप्पही बसले नाहीत. सोसायटीच्या सेक्रेटरी धकाते मॅडमकडे जाऊन ते बोलून आले. दुसऱ्याच दिवशी समितीने रायपुरेंचा व्हॉल्व्ह बंद करून त्याला सील लावलं आणि तपासणीचं काम नयनाकडे दिलं.

ती पोचली तोवर चार दिवस गेले होते. कंपनीकडून तपासणीचं उपकरण यायला उशीर झाला होता. रायपुरेंनी फाटक उघडलं. दाढी वाढलेली. ते नुसते बाजूला झाले. पश्चिमेच्या खोलीत विमलकाकू ओल्या चादरीखाली पडल्या होत्या. चार दिवसांत गवत करपलं होतं आणि भिंतीला हात लावला तर चटका बसत होता.

“नयना का गं?” काकूंचे शब्द एकमेकांत अडकत होते. “शोध हो. सगळं शोध. काही राहू देऊ नको.”

तिने आधी व्हॉल्व्हचं सील काढलं, पाणी चालू केलं आणि मग शोधायला घेतलं. मुंड्यांच्या आसपास, मातीत, कुंड्यांमागे, पाइपाच्या वळणावर. डबी कुठेच नव्हती. मग तिने हेडफोन लावला. तहानेचा आवाज माणसाला ऐकू येईल इतका खाली उतरवून देणारं ते उपकरण होतं. पाणी बंद केलं तरी टकटक चालूच होती. भर ओल्या गवतात, तुडुंब पाणी प्यायलेल्या मातीत, ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशी. ती आवाजाच्या मागे मागे गेली. तो गवतातून येतच नव्हता. तो पाइपातून येत होता.

व्हॉल्व्हच्या चेंबरचं झाकण उघडून तिने रबरी पडदा काढला. त्याच्या कडेवर क्षारांचा दाणेदार थर जमला होता. पडदा पूर्ण टेकत नव्हता. बंद असतानाही केसाएवढ्या फटीतून पाणी रेटा खाऊन निसटत होतं. अशा फटीत पाण्याचा वेग एकदम वाढतो, दाब एकदम कोसळतो, आणि पाण्यात बुडबुडे होऊन लगेच फुटतात. गवताच्या नळीत जे होतं तेच, फक्त लोखंडी पाइपात. आवाजही तोच. कानाला फरक कळत नव्हता.

तिने पडदा घासला, परत बसवला, हेडफोन लावला. शांतता होती.

ती चेंबरच्या काठावर बराच वेळ बसून राहिली. घाण व्हॉल्व्ह दिवसरात्र तहान-तहान म्हणून ओरडतो, त्याला पाणी मिळतं. जास्त पाणी म्हणजे जास्त क्षार, म्हणजे आणखी ओरडा. आणि ज्याचा व्हॉल्व्ह स्वच्छ, त्याचं फक्त गवतच बोलतं. त्याला कमी पाणी मिळतं, ते वाळतं. आणि वाळून मेलेलं गवत तर काहीच बोलत नाही. पेटी समजते, हे अंगण तृप्त आहे.

दर रविवारी टूथब्रश घेऊन बसणाऱ्या वडिलांचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर आला.

“सापडलं?” रायपुरेंनी विचारलं.

“डबी नव्हती काका. कधीच नव्हती.” तिने त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“मला वाटायचं, हात लावला की बिघडेल,” ते म्हणाले. “गवत छान होतं, ही बरी होती. म्हणून तुला येऊ देत नव्हतो. एवढंच.” मग थोडं थांबून, “म्हणजे ते पाणी मनोहरचंच होतं तर.”

कंपनीच्या परवेझ नावाच्या इंजिनिअरशी ती त्याच दुपारी बोलली. त्याने तिला मधे न तोडता ऐकलं आणि मग खालच्या आवाजात म्हणाला, “दोन शहरांतून अशीच तक्रार आलीये मॅडम. आम्ही दुरुस्ती करतोय. पावसाळ्यानंतर सगळ्या पेट्यांत येईल. तोवर कृपा करून बोलू नका.”

“का?”

“तुम्हीच विचार करा. घाण ठेवली की पाणी जास्त मिळतं, हे एकदा कळल्यावर साफ कोण करेल?”

धकाते मॅडमचंही तेच म्हणणं पडलं. “काही सापडलं नाही, एवढंच सांगू या ना.”

“काही सापडलं नाही म्हटलं की लोक समजणार, त्यांनी आधीच काढून टाकलं. बाकीचं गवत पिवळं आणि यांचं हिरवं का, याचं उत्तर कुणी देणार नाही.”

“एक उन्हाळा गं, नयना. लोक विसरतात.”

संध्याकाळी तिने वडिलांना सांगितलं. मनोहररावांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढला. रसायनाचा माणूस, त्यांना दुसऱ्यांदा समजवावं लागलं नाही.

“सांगू नकोस,” ते शेवटी म्हणाले. “तो परवेझ बरोबर बोलतोय. अख्खी कॉलनी व्हॉल्व्ह गळवत ठेवील.”

“मग काका चोर राहतील.”

“मी जाऊन माफी मागतो.”

“तुम्ही त्यांच्या घरात माफी मागाल. पण चोर तुम्ही त्यांना सोसायटीच्या ऑफिसात म्हटलंत.”

ते उठून आत गेले. त्या रात्री ते जेवले नाहीत आणि रायपुरेंकडेही गेले नाहीत.

सभा सोसायटीच्या हॉलमध्ये झाली. नयनाने हेडफोनऐवजी छोटा स्पीकर नेला होता. आधी सुकत्या गवताचा आवाज ऐकवला, मग रायपुरेंच्या व्हॉल्व्हचा, आणि विचारलं की यातला गवताचा कुठला. बहुतेकांनी दुसरा सांगितला. मग तिने कारण सांगितलं. मागच्या रांगेत मनोहरराव उठून उभे राहिले. “तक्रार मी केली होती,” ते म्हणाले. “न विचारता केली. ती चूक होती.” ते खाली बसले. रायपुरे सभेला आले नव्हते. काकूंना एकटं ठेवता येत नव्हतं.

परवेझ म्हणाला होता तसंच पुढे घडलं. कुणी उघडपणे काही बोललं नाही. पण पुढच्या आठवड्यात नयना फेरीला निघाली तेव्हा फाटकं अर्धीच उघडू लागली. एकाकडे पाहुणे होते, दुसऱ्याची चावी सापडत नव्हती. एक बाई तर हसून म्हणाल्या, “या वेळी राहू दे बाई. थोडं घाणच बरं आहे म्हणतात.” जे रोज पहाटे फवाऱ्यांखालून आनंदाने फिरायला जात, ते आता शेजाऱ्याच्या चेंबरकडे बघत चालू लागले. जवळजवळ सगळे व्हॉल्व्ह गळू लागले. पेटीला चहूकडून तहानच तहान ऐकू येई; ती बिचारी सगळ्यांना थोडं थोडं देई, आणि उरलेलं पाणी चेंबरांतून जमिनीत मुरून जाई. सूर्य वर यायच्या आत टाकीचा तळ दिसे. वैशाख अर्ध्यावर आला तेव्हा कॉलनी एकसारखी पिवळी होती.

एका रविवारी नयना उठून मागच्या अंगणात आली. मनोहरराव पायरीवर बसून होते. बादली पालथी होती. नोझल जागच्या जागी होते.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. “बघू म्हटलं,” ते म्हणाले, “एक आठवडा.”

तिला राग आला नव्हता. पण वडिलांना इतकं लहान झालेलं तिने याआधी पाहिलं नव्हतं. चहाचा कप त्यांच्या शेजारी ठेवून ती आत गेली, आणि त्याच दुपारी तिने धकाते मॅडमना दुसरी सभा बोलवायला सांगितलं.

तिचा प्रस्ताव साधा होता. कान काढून टाकायचे. पेटी बंद करायची. पाटाच्या पाण्यासारखी पाळी लावायची: ठरलेल्या वेळी एकाने आपल्या लाइनच्या तोंडाशी असलेला हाताचा कॉक बंद करायचा, मग पुढच्याने आपला उघडायचा. ज्याचा व्हॉल्व्ह गळेल, त्याचं त्याच्या पाळीतलं वाया जाईल, दुसऱ्याचं नाही. कंपनी मग करार मोडणार आणि तिचं कामही जाणार, हे तिने मुद्दाम सांगितलं, म्हणजे कुणी तिचा हेतू शोधत बसू नये.

कुरकुर झाली. पहाटे उठायचं कुणी, गावाला गेलं तर काय, म्हाताऱ्यांनी काय करायचं. एकाने विचारलं, “आणि ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांचं? कानांमुळे निदान रायपुरे वहिनी तरी बऱ्या होत्या.”

या वेळी रायपुरे आले होते. धकाते मॅडमच्या सुनेला काकूंजवळ बसवून. ते जागेवरूनच बोलले.

“माझ्या घराचं नाव घेऊन थांबू नका. मी चोर नव्हतो हे तुम्हाला कळलं, बरं झालं. पण तीन उन्हाळे दुसऱ्यांचं पाणी माझ्या अंगणात पडलं, हे मलाही कळलं. पाळी लावा.”

हात वर झाले. सगळे नाही, पण पुरेसे.

सारख्या वाटणीतलं पाणी कुणालाच पोटभर नव्हतं. अर्धवट ओलं गवत भिंती गार करत नाही, हे नयनाला ठाऊक होतं. एक अंगण पूर्ण भिजलं तर एक घर नीट गार होतं, दोन अर्धी भिजली तर दोन्ही घरं तापतात. विमलकाकूंचे पाय पुन्हा उचलेनासे झाले होते. हे तिने एका सकाळी वडिलांना नुसतं सांगितलं, सल्ला म्हणून नाही. मनोहररावांनी जुन्या कागदाच्या पाठीवर थोडा हिशेब केला, सदरा चढवला आणि कितीतरी आठवड्यांनी शेजारचं फाटक उघडलं. नयना दोन पावलं मागे होती.

रायपुरे ओट्यावर औषधाच्या गोळ्या निवडत होते.

“भास्कर, माझी पाळी तू घे,” मनोहरराव म्हणाले. “तुझं अंगण पुरतं भिजेल. माझं गवत तसंही गेल्यातच जमा आहे.”

“उपकार नकोत.”

“उपकार नाही. माझं घर तापेल. दुपारी मी कुठे जाऊ? तुझ्याकडे येऊन बसतो.”

रायपुरेंनी गोळ्यांची डबी बंद केली. “मला चोर म्हटलंस त्याचं मी गिळलं, मनोहर. पण ती चार दिवस ओल्या चादरीत पडली होती, तेव्हा तू भिंतीपलीकडे होतास.”

“होतो.”

“एकदाही आला नाहीस.”

“नाही आलो.” मनोहरराव उभेच होते. “तोंड नव्हतं.”

आतून काकूंचा आवाज आला. सावकाश, एकेक शब्द वेगळा करत. “अहो, हो म्हणा. मला गार वाटेल. बाकीचं तुम्ही दोघं नंतर बघा.”

रायपुरेंनी आत पाहिलं, मग अंगणाकडे. “रोज यायचं मग,” ते म्हणाले. “आज आलो, उद्या नाही, असं नको. तिला वाट बघत बसावं लागतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नयनाने वडिलांच्या हिरवळीतली यंत्रणा उतरवली. मुंड्या उकरून काढल्या, पाइपांची तोंडं टोपणांनी बंद केली, आडवा पाइप भिंतीखालून काढून रायपुरेंच्या लाइनला जोडला. तिथल्या मुंड्या सरळ केल्या, वाट्या मांडून पाणी सोडून पाहिलं. सगळ्या वाट्यांत जवळपास सारखं पाणी साचलं. हे काम कुणी सांगितलं नव्हतं आणि आता करारही नव्हता.

आठवडाभरात गवताला नवे धुमारे फुटले. भिंतीला हात टेकवता येऊ लागला. वडील रोज दुपारी जात, पण दोघं काय बोलत ते नयनाने विचारलं नाही. काकू एकदा म्हणाल्या की बोलत नाहीत; एक जण पेपर वाचतो, दुसरा छताकडे बघतो.

एका दुपारी सायरन वाजायच्या जरा आधी ती पश्चिमेच्या खोलीत काकूंसाठी ताक घेऊन गेली. मनोहरराव दारात उभे होते, काखेत घरून आणलेली घडीची खुर्ची.

“मनोहरभाऊ,” काकू उशीवरून म्हणाल्या, “किती दिवस ती खुर्ची वाहणार? आमच्याकडे आहेत खुर्च्या.”

त्यांनी खुर्ची दाराबाहेर टेकवून ठेवली आणि आत येऊन पलंगाशेजारच्या वेताच्या खुर्चीवर बसले. बाहेर सायरन वाजला. रायपुरेंनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. पण पाय लांब करून त्यांनी टेबलफॅनची बैठक सरकवली, आणि वारा आधी काकूंवरून, मग मनोहररावांवरून फिरू लागला.